शंका असेल तिथेच वेळ

जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला तो जलद डावांत. दुसऱ्या जलद डावात वेळ संपत आला असताना हंपीसारख्या कसलेल्या खेळाडूच्या हातून चुका झाल्या आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने त्यांचा पुरेपूर लाभ घेतला. माणसाचे असे होते, हे आपल्याला पटते. पण सेकंदाला लाखो स्थिती तपासणाऱ्या संगणकाला घड्याळाची काय पर्वा, असे पुष्कळांना वाटते. खरे तर वेळ कुठे खर्चायचा याची जाण हा संगणकाच्या खेळाचाही मोठा भाग आहे.

बुद्धिबळात एका स्थितीत सरासरी तीस-पस्तीस चाली शक्य असतात, त्यामुळे आणखी एक चाल पुढचे पाहायचे म्हटले की काम अनेक पटींनी वाढते. शक्यतांच्या निरुपयोगी फांद्या छाटल्या, तरी वेग कितीही असो, अपुराच पडतो. म्हणून एखाद्या मुलाच्या मोबाइलवरही फुकट चालणारा ‘स्टॉकफिश’ हा बुद्धिबळ खेळणारा संगणक-कार्यक्रम आधी एक चाल खोल पाहतो, मग दोन, मग तीन. वेळ कधीही संपो, त्याच्या हाताशी एक उत्तर तयार असते. प्रत्येक चालीसाठी तो दोन मर्यादा ठरवतो: साधारण किती वेळ द्यावा आणि कितीच्या पुढे मुळीच जाऊ नये. खोलीची प्रत्येक पायरी संपली की तो स्वतःलाच तपासतो. सर्वोत्तम वाटणारी चाल बदलते आहे का? स्थितीचे मूल्यमापन घसरते आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर तो अधिक वेळ घेतो. पायरीमागून पायरी तीच चाल पुढे येत राहिली तर वेळ राखून चाल खेळून मोकळा होतो. डावातला क्षण किती महत्त्वाचा, हे तो विचारत नाही. त्याचा वेळ स्वतःचा निर्णय जिथे डळमळतो तिथे जातो, आणि मला हीच यातली सर्वात शहाणी गोष्ट वाटते.

डिसेंबर २०१७मध्ये ‘अल्फाझीरो’ या दुसऱ्या कार्यक्रमाने स्टॉकफिशशी शंभर डाव खेळून २८ जिंकले, बाकीचे ७२ बरोबरीत सुटले. त्या डावांत प्रत्येक चालीला ठरावीक एक मिनिट दिले होते. स्टॉकफिशच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या टॉर्ड रोमस्टाड यांनी त्याला हरकत घेतली, कारण अवघड जागी थांबण्याचे आणि सोप्या जागी वाचवण्याचे कसबच त्यामुळे निकामी झाले होते. यावर कुणी म्हणेल, २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या हजार डावांत तीन तास आणि दर चालीला १५ सेकंदांची भर असा वेळ होता, तरी अल्फाझीरोने १५५ डाव जिंकले आणि केवळ ६ गमावले. मग वेळेच्या नियोजनाने काय साधले? आक्षेप रास्त आहे. जाण कमी पडत असेल तर घड्याळाचे कौशल्य ती भरून काढत नाही. पण ज्यांची जाण जवळजवळ सारखी आहे, त्यांच्यात वाचवलेली मिनिटे नेमक्या चालीला वापरता येणे हा खरा लाभ असतो.

या पद्धतीत एक उणीव मात्र आहे. यंत्र स्वतःची चलबिचल मोजते, स्वतःची चूक नव्हे. भक्कम तटबंदी करून बसलेला दुबळा पक्ष हरवता येत नाही, अशा स्थितीतही कार्यक्रम कधीकधी ‘आपण जिंकत आहोत’ हेच मूल्यमापन पायरीमागून पायरी धरून ठेवतो. आकडा हलत नाही, म्हणून शंका उद्भवत नाही, आणि जादा वेळ मागण्याचे कारणही त्याला सापडत नाही.