धाकटा कीं थोरला?

एकाच कारखान्याचे, एकाच दिवशीं बाजारांत आलेले दोन फोन पुढें ठेवून ‘यांतील कोणता?’ असें कोणीं विचारिलें, तर निवड वस्तुतः सोपी असावी. अनुभव निराळा आहे. भिन्न कारखान्यांच्या मालांत निदान पूर्वग्रह तरी साह्यास येतो. भावंडांमध्यें तेंही साधन नाहीं.

2024 च्या नवरात्रांत आमच्या घरीं हा प्रसंग आला. चिरंजीव परदेशीं असतात व नातवंडांशीं बोलणें फेसटाइमवर होतें; म्हणून आयफोन घ्यावयाचा हें ठरलेलेंच होतें. प्रश्न उरला तो आयफोन 15 कीं 15 प्लस, एवढाच. दोन्ही सप्टेंबर 2023 मध्यें निघाले. त्या वेळीं आपल्याकडे धाकट्याची किंमत 79,900 रुपयांपासून व थोरल्याची 89,900 पासून होती. पुढील सप्टेंबरांत 16 वा क्रमांक येतांच दोहोंचे भाव दहा-दहा हजारांनीं उतरले. मधलें अंतर मात्र तसेंच राहिलें.

हे दहा हजार कशाचे, याचा आम्ही शोध घेऊं लागलों. दुकानांतील तरुण ‘प्लस’ हा शब्द अशा स्वरांत उच्चारीत होता, कीं ऐकणारास वाटावें, थोरल्यास बुद्धिही अधिक आहे. तसें मुळींच नाहीं. दोहोंत ए16 बायॉनिक हीच चिप, दोहोंचा मुख्य कॅमेरा 48 मेगापिक्सेलचा, चार्जिंगची खाचही एकच. फरक तो देहाचा. धाकट्याचा पडदा 6.1 इंच व वजन 171 ग्रॅम. थोरल्याचा पडदा 6.7 इंच व वजन 201 ग्रॅम. मोठ्या देहांत बॅटरीही मोठी: सतत चित्रफीत पाहिल्यास धाकटा 20 तास व थोरला 26 तास चालतो, असें कारखाना सांगतो. फिरतीवरच्या मनुष्यास हे सहा तास मोलाचे. ज्याच्या उशाशींच विजेचें बटण आहे, त्यास नव्हेत.

पडद्याविषयीं मात्र एक गैरसमज आहे. मोठ्या पडद्यावर अक्षर मोठें दिसतें म्हणतात. पण अक्षराचा आकार दोहोंतही वाढवितां येतो. मोठा पडदा देतो ती ओळीची लांबी. धाकट्यावर अक्षर बरेंच वाढविलें, कीं ओळींत तीन-चार शब्दच मावतात, व लांबलचक सामासिक शब्द मध्येंच मोडून खालीं उतरतो. समासाचा असा विग्रह आम्हीं वर्गांत कधीं चालूं दिला नसता! सारांश, आमचें मत थोरल्याकडे झुकलें. चिरंजीवांचाही निरोप आला, ‘आईला मोठाच घ्या.’

फोन आईस वापरावयाचा होता, आणि आईसच कोणीं विचारिलें नव्हतें. त्याच वर्षीं श्रावणांत अंगणांत पाय घसरून आमच्या कुटुंबाचें डावें मनगट मोडलें होतें. प्लास्टर निघालें, तरी मुठीस पूर्वीचें बळ आलें नव्हतें. तेव्हां आम्हीं पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापले, एक 147.6 मिलिमीटर लांब व 71.6 रुंद, दुसरा 160.9 लांब व 77.8 रुंद. स्वयंपाकघरांतील काट्यावर तोलून तितक्या वजनाचीं नाणीं त्यांस चिकटविलीं आणि दोन्ही तिच्या हवालीं केले.

दोन दिवस तिनें ते आळीपाळीनें वागविले. खरी परीक्षा झाली माडीच्या जिन्यावर. कठडा एकाच बाजूस, उजव्या हातास. म्हणजे चढतांना फोन दुखऱ्या डाव्या हातांत. धाकटा पुठ्ठा बोटांच्या कवेंत बसे. थोरला दोनदां निसटून खालीं गेला, व दुसऱ्या वेळीं तो सांवरण्यासाठीं तिनें कठडा सोडला. तें आम्हीं खालून पाहिलें.

“अहो,” ती म्हणाली, “मला यावर पोथी थोडीच वाचायची आहे? मुलांचा फोन आला, कीं असेन तिथें उभें राहून बोलतां आलें, म्हणजे झालें. लांब ओळ हवी आहे ती तुम्हांला.”

आक्षेप खरा होता. तिच्या नांवावर आम्ही आपल्याच डोळ्यांची सोय पाहत होतों, आणि तें आमच्या ध्यानांतही आलें नव्हतें.

ज्यांस असा प्रसंग आहे, त्यांनीं पुठ्ठ्याचा प्रयोग अवश्य करावा. दुकानांत फोन आपण धड हातांत, उभे राहून व दोन मिनिटेंच धरतों. शिवाय वरून कव्हर चढतें. त्याचें वजन व जाडी कोणी हिशेबांत धरीत नाहीं.

आम्हीं धाकटा आणला. वांचलेले दहा हजार चिरंजीव परत घेईनात. त्यांतून सुतार बोलावून जिन्याच्या डाव्या बाजूसही कठडा बसवून घेतला.