ग्रामाभिमान, उद्योग आणि भाषा : सातारा-सांगली परिसरातील तीन उदाहरणे

एखाद्या गावाचा प्रमुख उद्योग मंदावला म्हणजे तेथील माणसे साधारणतः दोन गोष्टी करू लागतात. काही जण गतवैभवाच्या गोष्टी सांगतात. काही जण हाती उरलेल्या कसबातून नवी वाट काढू पाहतात. व्यवहारात या दोन्ही प्रवृत्तींना आपण 'गावाचा अभिमान' असे एकच नाव देतो. परंतु त्यांची फळे भिन्न असतात, आणि हा भेद त्या गावच्या बोलण्यात बराच स्पष्टपणे उमटलेला आढळतो. अभिमान मुख्यतः नामांत साठतो. उद्योग पुन्हा उभा राहण्यास मात्र क्रियापदे जिवंत असावी लागतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी ओगलेवाडी, हरिपूर आणि मिरज ही तीन स्थळे विचारात घेतली आहेत.

या परिसरात उद्योग आणि नामकरण यांचा संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगाव सोडावे लागले, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिले. तेथे १९१० साली कारखाना व वसाहत यांचा पाया घातला गेला. पुढे कुंडल रोड हे रेल्वे स्थानकाचे नाव मागे पडून 'किर्लोस्करवाडी' हे नाव रूढ झाले. 'वाडी' हा शब्द मराठीत लहान शेतकरी वस्तीचा वाचक. तो यंत्रांच्या कारखान्याला जोडला गेला, यावरून या नव्या वस्तीकडे लोक परके ठाणे म्हणून न पाहता गाव म्हणूनच पाहत होते, असे अनुमान काढता येते. किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात. म्हणजे तेथे नाव आणि काम यांची फारकत झालेली नाही.

याच औंध संस्थानच्या आश्रयाने कऱ्हाडनजीक ओगले बंधूंचा काचकारखाना उभा राहिला व त्याभोवती ओगलेवाडी वसली. तळेगावचा काचकारखाना अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, म्हणजे घरोघरी गोळा केलेल्या पैशापैशातून, निघाला होता. स्वदेशीच्या त्याच वातावरणात ओगल्यांच्या 'प्रभाकर' कंदिलाला महाराष्ट्रभर घराघरांत स्थान मिळाले. पुढे गावोगाव वीज पोहोचली, कंदिलाची गरज ओसरली आणि कालांतराने कारखाना बंद पडला. गावाचे नाव मात्र तसेच राहिले. आज ओगलेवाडी हे नाव उच्चारणाऱ्या बहुतेकांच्या मनात काचेचा विचारही येत नाही. 'प्रभाकर' हे विशेषनाम वृद्धांच्या स्मरणात आहे. पण भट्टी लावणे, रस फुंकणे, काच हळूहळू निववणे या क्रियांची भाषा नित्य व्यवहारातून गेली. त्या क्रिया ज्या कारखान्यात घडत होत्या, तो मिटला की त्या चालू राहण्यास दुसरी जागा नव्हती. नाव टिकविण्यास श्रम लागत नाहीत. क्रियापद टिकविण्यास मात्र रोज कोणीतरी ती क्रिया करीत राहावे लागते.

दुसरे उदाहरण सांगलीजवळच्या हरिपूरचे. कृष्णा-वारणा संगमावरील या गावाच्या जमिनीत पेवे खोदून त्यांत हळद साठविण्याची पद्धत होती. तोंड अरुंद, पोट विस्तृत आणि वरून मातीने बंद केलेले असे हे भूमिगत कोठार. मालाला हवा व ओल लागत नसल्याने तो दीर्घकाळ टिके. दीर्घकाळ मिटलेले पेव उघडताच त्यात उतरणे धोक्याचे. आतील कोंदट हवा निघून जाईपर्यंत थांबावे लागे. हे ज्ञान ग्रंथांत नव्हते, पेवात उतरणाऱ्यांच्या हातांत व बोलण्यात होते. २००५ सालच्या महापुरात यांतील अनेक पेवे पाण्याखाली गेली आणि साठवणुकीचा भार गुदामांवर व शीतगृहांवर गेला.

भाषेच्या अभ्यासकास येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार सर्व महाराष्ट्रात रूढ आहे. शिकवणी वर्गांचे पेव फुटते, नव्या संघटनांचे पेव फुटते. परंतु हा वाक्प्रचार वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पेव पाहिलेले असते. शब्द रूपकात गेला की त्याला वस्तूची गरज उरत नाही. म्हणून शब्द टिकला यावरून व्यवसाय टिकला असे मानणे घातक ठरते. वस्तुतः सांगलीच्या हळदीचा व्यापार चालू आहे, आणि २०१८ साली 'सांगली हळद' या नावास भौगोलिक मानांकनही मिळाले. क्षीण झाली ती तिच्या साठवणुकीची एक स्थानिक विद्या. व्यापाराचा उत्कर्ष आणि विद्येचा ऱ्हास एकाच गावी, एकाच काळी घडू शकतात, हे यावरून ध्यानात यावे.

तिसरे उदाहरण मिरजेचे, आणि पुनरुज्जीवनाच्या दृष्टीने तेच सर्वांत बोधप्रद आहे. तेथील तंतुवाद्ये बनविणारी घराणी 'शिकलगार' या नावाने ओळखली जातात. झिलई वा पाणी या अर्थाचा मूळ अरबी 'सैकल' आणि 'करणारा' या अर्थाचा फारसी प्रत्यय 'गर' यांपासून हा शब्द झाला. सौदागर, जादूगार या शब्दांत तोच प्रत्यय आहे. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारा. इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर संस्थानांच्या फौजा घटल्या आणि तलवारीची मागणी आटली. अशा वेळी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंबोरा बनविण्याच्या कामात हात घातला व त्यांच्या आप्तांनी ती वाट पुढे नेली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला असलेला आश्रय आणि पुढे अब्दुल करीम खाँ यांचे मिरजेतील वास्तव्य यांमुळे या कामाला जाणकार गिऱ्हाईक घरच्या घरी मिळाले.

म्हणजे 'शिकलगार' या एका शब्दात बुडालेल्या एका उद्योगाची आणि त्यातून उभ्या राहिलेल्या दुसऱ्या उद्योगाची अशी दोन्ही हकीकत आहे. नाव जुन्या कामाचे राहिले. कसब मात्र नव्या वस्तूवर चालू लागले. घासणे, तासणे, बारीक फरक बोटाने ओळखणे या क्रिया पोलादावरून लाकडावर, हाडावर आणि पंढरपूरकडील भोपळ्यावर आल्या. यांतील सर्वांत सूक्ष्म क्रिया म्हणजे जवारी काढणे. घोडीचा पृष्ठभाग असा घासावयाचा की, कंप पावणारी तार त्याला अलगद स्पर्शत राहील आणि स्वराला गुंजन येईल. जवारी 'खुली' असावी की 'बंद', हे गवयाच्या आवडीवर ठरते. ही पदे शिष्य कानाने आणि हाताने एकाच वेळी शिकतो. केवळ व्याख्या पाठ करून त्याला जवारी काढता येत नाही.

२०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्यान्वये असे मानांकन एका व्यक्तीचे नसून उत्पादकांच्या संस्थेच्या नावे नोंदले जाते. ते दहा वर्षांपुरते असते व त्याचे नूतनीकरण करता येते. कारागिरांनी एकत्र येऊन आपले नाव राखावे, हा सामुदायिक अभिमानाचा उत्तम आविष्कार होय. परंतु कायदा ज्याचे रक्षण करतो ते नाम आहे. दुसऱ्या गावचा तंबोरा मिरजेचा म्हणून विकला जाऊ नये, एवढी सोय त्याने होते. पुढच्या पिढीतील मुलाने जवारी शिकावी, ही सोय त्याने होत नाही. विजेवर चालणारा छोटा तंबोरा प्रवासात सोईचा ठरला आहे, आणि बारीक कामाला लागणाऱ्या वेळेचा मोबदला न मिळाल्यास तरुण दुसरीकडे वळणारच.

येथे एक आक्षेप संभवतो. उद्योग भांडवलाने, मागणीने व वाहतुकीने चालतात. शब्दांनी चालत नाहीत. हा आक्षेप रास्त आहे. क्रियापदे जतन केल्याने ओगलेवाडीचा कंदील विजेपुढे टिकला असता, असे कोणी म्हणणार नाही. शिकलगारांची तलवारही टिकली नाही. पण तलवार गेल्यावर हात रिकामे राहिले नाहीत, याचे कारण ते कसब घराघरांत विभागलेले होते आणि त्याची भाषा कोणा एका कारखान्याच्या भिंतीत कोंडलेली नव्हती. मागणी परतते किंवा नवी निर्माण होते, तेव्हा तिला प्रतिसाद देण्यास असा साठा उपयोगी पडतो.

यावरून आपल्या विभागापुढील एक कर्तव्य निश्चित होते. व्यवसायाच्या शब्दांचे संकलन करताना आपण बहुधा हत्यारांची व भागांची नावे टिपतो. म्हणजे पुन्हा नामेच जमा करतो. यापुढे क्रियापदे, त्यांची कर्मे, चांगल्या-वाईट कामाची विशेषणे आणि गुरूने शिष्यास केलेल्या दुरुस्तीची वाक्ये टिपली पाहिजेत. जमेल तेथे ती क्रियेसह ध्वनिचित्रमुद्रित केली पाहिजेत. हरिपुरात पेव भरलेली माणसे आणि मिरजेत जवारी काढणारे हात आज उपलब्ध आहेत. ओगलेवाडीच्या बाबतीत हे काम आता फार थोड्या वृद्धांच्या स्मृतीवर अवलंबून आहे. तेथून आरंभ करणे इष्ट.