शितावरून भाताची परीक्षा

मार्केट यार्डातील भुसार बाजारात मूठभर नमुन्यावर अख्ख्या गाडीचा भाव ठरतो. ती मूठ वरच्याच थरातली असेल तर काय होते, हे आपल्या पेढ्यांना सांगावयास नको.

हाच प्रश्न एकेकाळी देशाच्या पिकापुढे होता. फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतर दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पीककापणी प्रयोगांची घडी बसविली. गाव, शेत आणि शेतातील तुकडाही योगायोगानेच निवडावयाचा. कोणाच्या पसंतीस वाव नाही.

पण तुकडा केवढा असावा? कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांचा पुरस्कार करीत. सुखात्मे यांनी दाखविले की, लहान तुकड्यात उत्पन्न फुगून दिसते. कडेवरचे रोप आतले की बाहेरचे, असा संशय आला की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. आणि तुकडा लहान, तितकी त्याच्या मानाने कड मोठी. असे शेकडो तुकडे कापले तरी हा दोष जात नाही. बंगालने १९४३ चा दुष्काळ भोगला त्या दशकात धान्याचा फुगीर अंदाज ही साधी चूक नव्हती.

आज पीकविम्याची भरपाईही अशा कापणीवर ठरते. उत्पन्न फुगले, की शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम तेवढी घटते.