शस्त्रक्रियापूर्व कर्बोदक पेय

शस्त्रक्रियापूर्व कर्बोदक पेय म्हणजे नियोजित शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री व त्या दिवशी सकाळी रुग्णास दिले जाणारे पारदर्शक गोड पेय होय. शस्त्रक्रियेनंतर रक्तातील साखर आटोक्यात राहावी, हा त्याचा एक प्रमुख हेतू. साखर वाढू नये म्हणून आधी साखरच द्यावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते.

भुलीखाली जठरातील अन्न श्वासमार्गात शिरण्याचा धोका असतो. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये प्रसूतीवेळच्या अशा घटनांचे वर्णन केले, आणि पुढे मध्यरात्रीपासून निर्जळी उपवासाची प्रथा दृढ झाली. परंतु रात्रभराच्या उपवासाने यकृतातील ग्लायकोजेन घटते. त्यात शस्त्रक्रियेच्या ताणामुळे कॉर्टिसोलसारखी संप्रेरके वाढतात, यकृत रक्तात साखर सोडू लागते व स्नायू इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे मधुमेह नसलेल्या रुग्णाचीही साखर वाढू शकते. पेयामुळे आधीच इन्शुलिन स्रवते, शरीर उपाशी अवस्थेतून बाहेर येते आणि हा प्रतिरोध सौम्य होतो. स्वीडनमधील शल्यचिकित्सक ओले युंगक्विस्ट व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे संशोधन पुढे नेले.

प्रचलित पद्धतीत सुमारे १२.५ टक्के कर्बोदकांचे पेय रात्री ८०० मिलिलिटर आणि भुलीच्या दोन तास आधीपर्यंत ४०० मिलिलिटर देतात. त्यांतून अनुक्रमे १०० व ५० ग्रॅम कर्बोदके मिळतात. दोन तासांची ही सवलत केवळ पारदर्शक द्रवांना आहे. दूध जठरात साकळते, म्हणून त्यासाठी सहा तासांचे अंतर आवश्यक मानतात. गंगावेशीच्या कट्ट्यावरील धारोष्ण दूध हे कोल्हापूरकरांना शक्तिवर्धक वाटते, तालमीतील थंडाईही तशीच. मात्र शस्त्रक्रियेच्या सकाळी दोन्ही वर्ज्य. उसाचा रसही गढूळ असल्याने या पेयाची जागा घेऊ शकत नाही.

लाभाविषयी अतिशयोक्ती नको. पेयामुळे नंतरची साखर काहीशी कमी राहते. जंतुसंसर्ग घटतो, असे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. मधुमेहींमध्ये, विशेषतः जठर रिकामे होण्यास विलंब लागत असल्यास, निर्णय भूलतज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो.

शस्त्रक्रियेनंतर साखर किती खाली आणावी, यावरही मतांतर झाले. बेल्जियममधील २००१ च्या अभ्यासाने अतिदक्षता विभागात ८० ते ११० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा लाभदायक ठरवली. २००९ च्या 'नाइस-शुगर' चाचणीत तितक्याच कडक नियंत्रणाने मृत्यू वाढल्याचे दिसले. आता अतिदक्षता विभागात बहुतांश रुग्णांसाठी १४० ते १८० ही पातळी राखतात.