एकाच विवराच्या दोन गोष्टी: अद्भुतकथा आणि रहस्यकथा कशा वाचायच्या

भुताखेतांवर आणि खुनांवर बोलायला सुलतानपुरात एवढी माणसं जमतात, हे बाहेर सांगितलं तर लोक पोलिसात कळवतील. (हशा) गेल्या काही महिन्यांत तुम्ही काय काय वाचलंत त्याची यादी माझ्याकडे आली आहे. नारायण धारपांची 'लुचाई' आहे, हृषीकेश गुप्ते यांचं 'अंधारवारी' आहे, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद आहे, अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा आहे आणि 'हॅरी पॉटर आणि परीस'सुद्धा आहे. यादीच्या खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, "घरचे म्हणतात, असलं वाचून डोकं बिघडतं. त्यांना काय सांगायचं?" प्रश्न साधा वाटतो, पण आज आपण त्याच्यावरच बोलू.

उत्तरासाठी लांब जायला नको. आपल्याच तालुक्यातलं लोणारचं विवर घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा. त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात.

पहिली तुम्ही आजीकडून ऐकलेली. लवणासुर जमिनीखाली दडून बसायचा आणि लोकांना छळायचा. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, लवणासुराच्या बहिणींना भुलवलं, त्यांच्याकडून लपायची जागा काढून घेतली आणि त्याला मारलं. लोणारचं दैत्यसूदनाचं मंदिर याच कथेशी जोडलेलं आहे. बघा, यात खबरीसुद्धा आहेत! (हशा)

दुसरी गोष्ट भूशास्त्रज्ञांची. हा सगळा मुलूख लाव्हाच्या काळ्या खडकाचा, म्हणून बराच काळ संशय ज्वालामुखीवर होता. मग तळाशी बोअर घेऊन नमुने काढले. त्यात प्रचंड दाबाखाली काचेसारखे झालेले खनिजाचे कण सापडले. असा दाब ज्वालामुखी देत नाही, आकाशातून आलेली धडक देते. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला. वय बराच काळ पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरलं जायचं. पुढे आरगॉन पद्धतीनं मोजलं तेव्हा ते सुमारे ५ लाख ७० हजार निघालं. म्हणजे निकाल लागल्यावरही फाइल पुन्हा उघडली. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हाही तर्क पुष्कळ झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं.

खड्डा एकच आहे. पहिली गोष्ट विचारते, 'असं असतं तर?' ही अद्भुतकथा. दुसरी विचारते, 'हे कशावरून?' ही रहस्यकथा. माणसाला दोन्ही प्रश्न लागतात. घोटाळा होतो तो एका प्रश्नाच्या जागी दुसऱ्याचं उत्तर दिलं की.

आधी अद्भुतकथा घेऊ. हे काही बाहेरून आलेलं नवीन वेड नव्हे. मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीला, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. १८६८ साली रिसबुडांची 'मंजुघोषा' आली, तिच्यात तर विमान आहे. पुढे नाथमाधवांचा 'वीरधवल' आला. म्हणजे आपली कादंबरी चालायला लागली तीच मुळी अद्भुताचं बोट धरून.

चांगल्या अद्भुतकथेत काहीही चालतं, असा एक समज आहे. तसं नसतं. एक अशक्य गोष्ट मान्य करून घ्यायची आणि तिला मर्यादा घालून द्यायच्या, मग लेखकानंही त्या पाळायच्या. 'लुचाई'ची कल्पना स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून आलेली आहे, पण अंगावर काटा येतो तो गाव ओळखीचं वाटतं म्हणून. अमानवी शक्ती काय करू शकते आणि कशानं अडते, हे ठरलेलं असतं. शेवटच्या पानावर अचानक नवा मंत्र सापडला, तर समजा लेखकानं आपल्याला फसवलं.

(मागून आवाज: "सर, मंग याच्यानं लोकं भूत खरं मानत नाहीत का?")

चांगला प्रश्न. पुस्तकाला मुखपृष्ठ असतं, वर 'कादंबरी' असं लिहिलेलं असतं. आपण शंभर-दीडशे रुपये देऊन घाबरायला जातो आणि पुस्तक मिटून जेवायला बसतो. भोंदूबाबाच्या गोष्टीवर 'कादंबरी' असं लिहिलेलं नसतं, आणि तिची किंमत शेवटी कळते. त्याच्यासाठीच तर आपल्या राज्याला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. ज्याला गोष्ट ही गोष्ट म्हणून चाखायची सवय आहे, त्याला बाबाची गोष्टही लवकर ओळखू येते, असं माझं मत आहे. पटलं नाही तर नंतर भांडा.

आता रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं तुमच्या आजोबांना विचारा, डोळे चमकतील. त्यानंतर गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. या पुस्तकांनी कितीतरी लोकांना वाचायची गोडी लावली, आणि स्वस्त कागदावरची ती पुस्तकं आज रद्दीत निघालीत. कुणाच्या माळ्यावर असतील तर जपून ठेवा.

रहस्यकथेचाही एक करार असतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकानं १९२९ साली दहा नियमच लिहून काढले. त्यातला महत्त्वाचा असा, की गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही. फेलूदा वाचताना शेवटी आपण मागची पानं उलटतो आणि म्हणतो, अरे, हे तर समोरच होतं! खरी मजा त्यातच आहे. आणि त्यातून एक सवय लागते. पहिल्या प्रकरणात ज्याच्यावर संशय येतो, तो बहुतेक वेळा गुन्हेगार नसतो. थांबायचं. दुवा जुळेपर्यंत नाव घ्यायचं नाही.

ही सवय किती मोलाची आहे, ते सांगतो. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवर पसरलेली होती. जमावानं त्या पाच जणांना मारून टाकलं. 'हे कशावरून?' हा प्रश्न ऐकून घ्यायला त्या गर्दीत कुणी थांबलं नाही.

रहस्यकथा वाचल्यानं असं टळतं, असा दावा मी करणार नाही. या कथांमध्येही खोट असते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, आणि ती नजर गोष्टींतही शिरते. अनोळखी, भटका, गरीब माणूस दिसला की त्याच्यावर आळ घालून लेखक मोकळा होतो. असं पान आलं की मुकाट्यानं पुढे जाऊ नका. पुरावा मागा.

म्हणून पुढच्या वेळी 'आवडलं, नाही आवडलं' एवढ्यावर चर्चा सोडू नका. प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारा. लेखकानं स्वतःचे नियम पाळले का? दुवे आपल्याला वेळेवर दिले का? आणि राक्षस किंवा गुन्हेगार म्हणून त्यानं कुणाला निवडलं, आणि का?

पेन्सिलीनं लिहिणाऱ्यानं घरी एवढंच सांगावं: आम्ही भूत वाचतो, मानत नाही, आणि खून वाचतो तो पुरावा कसा मागायचा ते कळावं म्हणून. तेवढ्यानं पटलं नाही, तर त्यांना 'लुचाई' वाचायला द्या. रात्री दिवा चालू ठेवून झोपले तर समजा, एक सभासद वाढला. (हशा, टाळ्या)

आता तुमचे प्रश्न घेऊ.