ब्याऐंशी टक्के ज्ञानेश्वर

सकाळी ७.३०
मेसमधले पोहे खाता खाता सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचतेय. पुण्यात संगणकशास्त्राच्या एम.एस्सी.ला आहे आणि ‘संगणन आणि समाज’ हा ऐच्छिक विषय घेतलाय. आधार खटल्याचा २०१८ चा निकाल चौदाशेहून जास्त पानांचा आहे. दुपारच्या सेमिनारसाठी त्यातली नेमून दिलेली पानं वाचायचीत. हे फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, “मग वकिलीच करायची होतीस की!”

सकाळी ९.३०
अल्गोरिदमचा तास. दोन शब्दांमधलं अंतर मोजायची पद्धत व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञानं १९६५ साली मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, तितकं ते अंतर. सर फळ्यावर चौकटी आखतात आणि आम्ही त्या एकेक करून भरतो. तासाभरात हात पांढरे आणि डोकं लख्ख.

सकाळी ११.३०
लॅब. माझा प्रकल्प नावं जुळवण्याचा आहे: दोन वेगळ्या याद्यांमधली (समजा, योजनेचे लाभार्थी आणि बँकेचे खातेदार) माणसं एकच आहेत का, हे प्रोग्रॅमनं सांगायचं. याद्या आम्हीच बनवलेल्या, खऱ्या कुणाच्या नाहीत.

एका यादीत ज्ञानेश्वर रोमन लिपीत ‘डी-एन-वाय’नं सुरू होतो, दुसरीत ‘जी-वाय’नं. एक अक्षर बदललं, एक गाळलं, अंतर २. लांब स्पेलिंग अकरा अक्षरांचं, म्हणजे साम्य सुमारे ८२ टक्के. खालच्या ओळीत सुनीता आणि सुमिता. सहा अक्षरांत एकच बदल, साम्य ८३ टक्के. म्हणजे माझ्या प्रोग्रॅमच्या लेखी एकाच ज्ञानेश्वरापेक्षा दोन वेगळ्या बायका एकमेकींच्या जास्त जवळच्या! मर्यादा ९० वर ठेवली तर ज्ञानेश्वर बाद. ८० वर आणली तर सुनीताचे पैसे सुमिताच्या खात्यात.

अमेरिकेत १९१८ साली पेटंट मिळालेली साउंडेक्स पद्धतही लावून पाहिली. तिथं पहिलं अक्षर जसंच्या तसं धरतात, त्यामुळे ज्ञानेश्वर दारातच अडतो.

दुपारी १.३०
कँटीन. मिसळ आणि प्लेसमेंट. मित्र म्हणतो, “तुझं मॉडेल ९५ टक्के अचूक आहे ना? रेझ्युमेत टाक आणि मोकळी हो.” दुसरी विचारते, “उरलेले पाच टक्के कोण गं?” तेवढ्यात चहा येतो आणि गाडी पगारावर घसरते.

दुपारी २.३०
सेमिनार. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमतानं सांगितलं. पुढच्या वर्षी पाच जणांच्या पीठानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं आधार कायदा बहुतांशी ग्राह्य धरला. खासगी कंपन्यांना मात्र कलम ५७ खाली आधार क्रमांक वापरायला मनाई केली.

मॅडम आठवण करून देतात की पहिला आधार क्रमांक २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. बीडचा वर्गमित्र एरवी गप्प असतो. आज बोलतो: “ऊसतोडीहून आलं की आईचा अंगठा मशीन घेत नाही. रेशनवाला म्हणतो, हात धुऊन या.” कोयत्यानं आणि उसाच्या पाचटानं बोटांच्या रेषा झिजतात. सेन्सर बिघडलेला नसतो, आईही खोटी नसते. मग या चुकीचा भार कुणी सोसायचा, यावर पाऊण तास जुंपते.

दुपारी ४.४५
प्रकल्पासाठी सरकारी योजनांचे अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रात बसायची परवानगी मिळालीय. टोकन, झेरॉक्स, पंख्याखाली फडफडणाऱ्या अर्जांच्या चळती. एका मावशींचा अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत आलाय: बँकेत माहेरचं नाव, आधारवर सासरचं.

“मावशी, नाव जुळत नाही. राजपत्र करावं लागंल.”

“म्हंजी आणि एक खाडा?”

ऑपरेटर हात जोडतो. त्याच्या पडद्यावर हिरवी खूण आणि लाल फुली, एवढंच आहे. मावशींना समोर पाहून त्याला सगळं समजतंय, पण ते नोंदवायला रकाना नाही.

संध्याकाळी ७
पुन्हा लॅब. अंतर मोजण्याआधी मराठी नावांचे नियम घालते: ‘डी-एन-वाय’ आणि ‘जी-वाय’ एकच, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकच, ‘आय’ आणि दोन ‘ई’ एकच. ज्ञानेश्वराचं अंतर शून्यावर येतं, सुनीता-सुमिता ८३ वरच राहतात. आता ९० ची मर्यादा चालते. मावशींच्या दोन नावांना मात्र असला कुठलाच नियम लागू पडत नाही. म्हणून तिसरा कप्पा करते: ‘माणसानं पाहावं’.

रात्री १०
अहवाल. अचूकतेच्या आकड्यासमोर दोन रकाने वाढवते: ‘चुकून स्वीकारलं तर नुकसान कुणाचं’ आणि ‘चुकून नाकारलं तर कुणाचं’. पहिल्यात बहुधा तिजोरी येते, दुसऱ्यात बुडालेली मजुरी आणि थांबलेलं धान्य. ही दोन नुकसानं एका मापानं मोजता येत नाहीत. म्हणून ९० की ८० हे एकट्या प्रोग्रॅमरनं ठरवू नये. शिफारस लिहिते: ‘जुळलं’ हे प्रोग्रॅमनं सांगावं, ‘जुळत नाही’ हे अधिकाऱ्यानं स्वतःच्या सहीनं; आणि तोवर लाभ थांबवू नये.

उद्या गाईड विचारणारच, “एवढी माणसं आणणार कुठून? खर्च कोण करणार?” उत्तर तयार आहे: सर, खर्च आजही होतोच आहे, फक्त तो मावशींच्या खाड्यातून होतो.