नोगारासाठी स्थळ पाहताना

लेकीसाठी स्थळ पाहायचे म्हटले, की घरातली मंडळी काय काय तपासून बघतात! घराणे, कर्तबगारी, स्वभाव, प्रकृती आणि सरतेशेवटी खर्चाचा मेळ. शर्यतीत नाव काढलेल्या घोडीसाठी नर घोडा निवडतानाही हेच सारे करावे लागते. एक बाब मात्र अगदी उलटी. आपल्याकडे सगोत्र वर्ज्य. घोड्यांच्या दुनियेत मात्र तिसऱ्या-चौथ्या पिढीतला एखादा नामवंत पूर्वज दोन्हीकडे असला, तर मालक खूश होतो.

चूक झाली तर ती लवकर कळतही नाही, हीच खरी अडचण. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि वर्षाला एकच शिंगरू देते. ते शिंगरू शर्यतीत उतरायला दोन-तीन वर्षे जातात. म्हणजे पहिली निवड बरोबर होती की नाही हे समजेपर्यंत त्याच घोडीची आणखी दोन-तीन वेते नुसत्या अंदाजावर होऊन गेलेली असतात.

या शास्त्रातला (की जुगारातला?) सर्वांत मोठा जाणकार म्हणून इटलीच्या फेदेरिको टेसिओ यांचे नाव घेतले जाते. १८९८ साली त्यांनी मॅजोरे सरोवराच्या काठी डोरमेलो येथे आपले स्टड फार्म काढले. पैशाच्या बाबतीत इंग्लंडच्या लॉर्ड मंडळींशी त्यांची बरोबरी नव्हती. १९१५ साली न्यूमार्केटच्या लिलावात त्यांनी कॅटनिप नावाची घोडी अवघ्या ७५ गिनींना घेतली. तिचीच मुलगी नोगारा. १९३१ साली तिने इटलीतल्या १६०० मीटरच्या दोन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या.

आता या गुणी घोडीसाठी नर कोणता? टेसिओंच्या मनात भरला होता लॉर्ड डर्बी यांचा फेअरवे. १९२८ साली त्याने इंग्लंडची सेंट लेजर जिंकलेली, लांब पल्ल्याची ताकद सिद्ध झालेली. स्वभावाने मात्र तो हळवा. त्याच वर्षीच्या डर्बीला लोकांनी त्याला असा गराडा घातला, की तो बिथरला आणि सर्वांचा लाडका असूनही मागे पडला. असा स्वभाव पुढच्या पिढीत उतरण्याची भीती असतेच. पण टेसिओंना तो धोका पत्करण्याजोगा वाटला असावा.

योग मात्र नव्हता. शर्यतीच्या घोड्यांच्या, म्हणजे थरोब्रेड जातीच्या, नोंदवहीचा नियम कडक आहे: संयोग नैसर्गिकच हवा. कृत्रिम रेतनाने झालेल्या शिंगराची नोंदच होत नाही. त्यामुळे एका हंगामात एका नराकडे किती घोड्या जाऊ शकतील याला मर्यादा पडते. त्या काळी ती चाळीसच्या आसपास होती. फेअरवेची यादी भरलेली होती.

तेव्हा १९३४ साली नोगारा गेली ती फेअरवेच्या थोरल्या भावाकडे, फ्रान्समध्ये असलेल्या फॅरोसकडे. दोघे सख्खे भाऊ. बाप फॅलरिस, आई स्कापा फ्लो. कागदावर पाहिले तर वंशावळीत काडीचा फरक नाही. पण भाऊ-भाऊ सारखे कुठे असतात? फेअरवे उंच, शिडशिडीत. फॅरोस आटोपशीर बांध्याचा, कणखर. तीस शर्यती धावून त्याने चौदा जिंकल्या, १९२३च्या डर्बीत दुसरा आला. त्याची मर्यादा साधारण दोन हजार मीटर मानली जाई. आई वेगवान, बाप मध्यम पल्ल्याचा. लांबची शर्यत जिंकणारे शिंगरू या जोडीतून होईल असे छातीठोकपणे कुणी सांगितले नसते.

२४ जानेवारी १९३५ रोजी नोगारा व्याली. शिंगराचे नाव नेआर्को. तो चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. शेवटची होती जून १९३८मधली पॅरिसची ग्राँ प्री, अंतर तीन हजार मीटर. त्यानंतर काही दिवसांतच टेसिओंनी तो ६० हजार पौंडांना विकून टाकला. फॅरोस हे पाहायला नव्हता. तो १९३७ सालीच गेला होता.

मग हे सारे नशीबच म्हणायचे? तसे म्हणणे टेसिओंवर अन्यायाचे होईल. त्याच नोगाराला कोरोनाक या नरापासून झालेला निकोलो देल्लार्का हाही १९४१ साली इटालियन डर्बी जिंकला. घोडी मुळातच खणखणीत होती, आणि ती ओळखली ती टेसिओंनीच. अनेक मालक नामांकित नराच्या मागे धावतात, भरमसाट फी मोजतात आणि आपल्या घोडीचे पाय, पाठ, तापटपणा यांकडे डोळेझाक करतात. जाणता माणूस आधी घोडीतली उणी बाजू लिहून काढतो, मग ती भरून काढणारा नर शोधतो. शक्य असेल तर त्या नराची आधीची शिंगरे स्वतः जाऊन पाहतो. शर्यतीतल्या विजयापेक्षा ती साक्ष अधिक खरी.

नेआर्को न्यूमार्केटला राहिला. युद्धाच्या दिवसांत त्याच्यासाठी खास बॉम्बपासून बचावाचा निवारा बांधला गेला होता. त्याचा नातू कॅनडाचा नॉर्दर्न डान्सर. लहानपणी हा इतका बुटका, की २५ हजार डॉलरलाही त्याला कुणी घेतले नाही. १९६४ साली त्याने केंटकी डर्बी जिंकली, आणि १९८०च्या दशकात त्याच्याकडे एक घोडी पाठवायची फी दहा लाख डॉलरपर्यंत चढली. त्याचा मुलगा रझीन भारतात आला आणि इथल्या मैदानांवरच्या कितीतरी विजेत्यांचा बाप ठरला. डोरमेलोहून फेअरवेसाठी गेलेल्या निरोपाला होकार आला असता, तर यांपैकी एकही जन्मला नसता.